ध्यानाला बसू लागलो आणि पत्नीपासून दूर गेलो : अंतर्मुख साधनेतून जवळीक येते ती कशी?

धुऱ्यावरचा

सर्वांना नमस्कार. मी अमरावती जिल्ह्यातील एका लहान गावचा शेतकरी आहे. वय ४१, लग्नाला १७ वर्षे झाली, मुलगी दहावीला आणि मुलगा सातवीत आहे. दोन वर्षांपूर्वी बोंडअळीने पऱ्हाटी (कपाशी) गेली, कर्ज थकले आणि माझी झोप उडाली, तेव्हा एका मित्राच्या आग्रहावरून मी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलो. तेव्हापासून पहाटे एक तास आणि संध्याकाळी एक तास न चुकता ध्यानाला बसतो. झालेला लाभ मी नाकारत नाही. झोप परत आली, मुलांवर ओरडणे थांबले आणि आईने घातलेल्या शपथांनीही न सुटलेला वीस वर्षांचा तंबाखूचा खर्रा सुटला.

अडचण अशी आहे की, ज्या माणसासोबत ही शांती वाटून घ्यावी असे वाटत होते, त्याच माणसापासून मी दूर गेलो आहे. पूर्वी आमची भांडणे होत, दोन दिवस अबोला होई आणि मग चुलीजवळ बसून पुन्हा बोलणे सुरू होई. आता ती काही बोलली की मी उत्तर न देता श्वासाकडे लक्ष देतो, छातीत उठलेली संवेदना पाहतो, ती मावळू देतो. मला वाटत होते की हीच प्रगती आहे. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "तुमच्याशी बोलनं म्हंजे भिताडाशी बोलल्यावानी वाटते. पयले भांडत तरी होते तुमी." हे वाक्य मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट संकोचाने लिहितो. शिबिरात ब्रह्मचर्य पाळले, ते घरी आल्यावरही पाळलेले बरे असे मीच ठरवून टाकले आणि अंथरूण ओसरीत आणले. तिला विचारले नाही.

पूर्वी हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीची लाईन (शेतीची वीज) असली की ती बॅटरी धरून सोबत यायची. मी फावड्याने पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचो आणि ती धुऱ्यावर (बांधावर) उभी राहून काहीबाही बोलत असायची. आता मी एकटा जातो. ते काम जागरूकतेने, मौनात करता येते म्हणून मीच तिला "तू झोप" असे सांगितले होते.

पती-पत्नीतील खोल जवळीक अंतर्मुख साधनेतून वाढते, असे पुष्कळ ठिकाणी वाचले आहे. माझ्या बाबतीत उलटे का झाले? साधना कमी पडते आहे की चुकते आहे? साधना सोडायची माझी तयारी नाही, हेही आधीच सांगतो.

जुना साधक

आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो. मी याच मार्गाने पंचवीसेक वर्षे चाललो आहे आणि आपण जे केले ते सगळे मीही केले आहे, अंथरूण ओसरीत आणण्यासकट.

प्रथम ब्रह्मचर्याविषयी. शिबिरातील दहा दिवस हे विशेष दिवस असतात. तेथे स्त्री-पुरुषांची राहण्याची, जेवणाची आणि फिरण्याची व्यवस्था वेगळी असते, पती-पत्नी एकाच शिबिरात असले तरी बोलत नाहीत, आणि पंचशीलातील तिसरे शील त्या मुदतीपुरते पूर्ण ब्रह्मचर्याचे असते. घरी परतलेल्या गृहस्थासाठी तेच शील व्यभिचारापासून दूर राहण्याचे आहे. पत्नीपासून दूर राहण्याचे नाही. ही परंपरा १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात परत आणणारे सत्यनारायण गोएंका स्वतः संसारी होते आणि त्यांच्या पत्नी इलायचीदेवी आचार्य म्हणून त्यांच्या शेजारच्या आसनावर बसत. दोघांपैकी एकानेच ब्रह्मचर्य ठरवणे हे व्रत नव्हे, तो एकतर्फी निकाल आहे. आणि ज्याच्यावर निकाल लागतो त्याला तो नकारासारखाच जाणवतो, मग त्यामागचा हेतू कितीही पवित्र असो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती एका शब्दात अडकलेली आहे. तो शब्द म्हणजे 'उपेक्षा'. आपल्या रोजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. पाली परंपरेतील 'उपेक्खा' मात्र समतेला म्हणतात, सुखदुःखात न डळमळणाऱ्या मनाला. विशेष म्हणजे जुन्या आचार्यांनी हा धोका ओळखून ठेवला होता. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा या चार भावनांपैकी प्रत्येकीचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू त्यांनी सांगितला आहे. जवळचा शत्रू म्हणजे जो दिसायला तिच्यासारखाच असतो आणि म्हणून ओळखू येत नाही. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती. उपेक्षेचा जवळचा शत्रू अज्ञानातून आलेली बेपर्वाई. आपल्याला आतून जी समता वाटत होती, ती पत्नीच्या बाजूने पाहिल्यास मराठीतली उपेक्षा होती.

पतंजलींनीही याच चार भावना चित्त प्रसन्न राहण्यासाठी सांगितल्या आहेत, परंतु प्रत्येकीचा विषय वेगळा ठेवला आहे : सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद, आणि उपेक्षा केवळ अपुण्याविषयी. आपल्या पत्नी दुःख सांगत होत्या. तेथे करुणेची जागा होती आणि आपण चौथे औषध दिलेत.

मग करायचे काय? छातीतील संवेदना पाहणे सोडू नका, ती पाहूनच माणूस फटकन बोलायचा थांबतो. परंतु ती मावळली की काम संपले असे मानू नका. आपला क्षोभ ओसरल्यावर जी मोकळी जागा तयार होते, ती समोरच्याचे ऐकण्यासाठी असते; आपण त्या जागेत स्वतःच बसून राहिलात. शिबिराच्या दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांचे भले चिंतणे, शिकवली होती, ती आठवते का? बहुतेक जण तासाच्या शेवटी 'सर्व प्राणिमात्र सुखी होवोत' असे म्हणून दोन मिनिटांत उठतात. सर्व प्राणिमात्र सोपे असतात हो, ते समोर येऊन भाकरीला पीठ नाही असे म्हणत नाहीत. मी एका वर्षी ठरवून ती पाच मिनिटे केवळ पत्नीसाठी ठेवली आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले की, तिला नेमके कशाने सुख होईल हे मला ठाऊकच नाही. विचारावे लागले. विचारायला मला आणखी पंधरा दिवस लागले.

सीतादही

भाऊ, मी वर्धा जिल्ह्यातील आहे, वय ५४, आणि ध्यानाविषयी मला या दादांइतके शास्त्र ठाऊक नाही. मी फक्त पहाटेच्या त्या एका तासाविषयी विचारते. तुम्ही पाच वाजता बसता तेव्हा नळाचे पाणी कोण भरते? म्हशीचे शेण कोण काढते? मुलीचा डबा? संध्याकाळी तुम्ही पुन्हा बसता, तीच वेळ कापूस वेचून आलेल्या बाईची पाठ टेकण्याची असते आणि तेव्हाच चूल पेटवावी लागते. तुमची शांती चोरीची आहे असे मी म्हणत नाही. परंतु तिच्या दोन तासांवर ती उभी आहे, हे तुमच्या प्रश्नात कोठेही आले नाही म्हणून लिहिले.

आमच्याकडचे सांगते. आमचे हे तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, गुरुवारी भजन, खंजिरी यांच्याच हातात. राष्ट्रसंतांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीचा स्वतंत्र अध्याय आहे आणि हे तो गावोगावी वाचून दाखवत असत, तेव्हा घरी माझे जेवण रात्री दहाला होत असे. पुष्कळ वर्षे मला प्रार्थनेच्या घंटेचाच राग येई.

आमच्यात जे बदलले ते एका जागलीच्या, म्हणजे रात्री पीक राखण्याच्या, हंगामात बदलले. तुरीत रानडुकरे आणि रोही (नीलगाई) येत, सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) सोडून गेला होता, त्यामुळे मलाही मचाणावर जावे लागले. पहिले तीन-चार दिवस आम्ही काही बोललो नाही. बोलायला विषयच नव्हता; मुले, पैसा, सासूबाईंचे दुखणे, सगळे घरी बोलून झालेले. त्यांनी आपले नामस्मरण सुरू केले, मीही माळ नसताना बोटांच्या पेरांवर मोजू लागले. बॅटरी विझवलेली. त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि माझा त्यांना येत असणार. एका रात्री त्यांनी मध्येच जप थांबवून विचारले, "पयलं पोट गेलं तुयं, तवा तू रडली नाई. काऊन?" त्या गोष्टीला अकरा वर्षे झाली होती. त्या वेळी हे भजनाला दुसऱ्या गावी गेलेले होते, आणि रडायला समोर कोणी असावे लागते, एवढेच मी म्हणाले. मग मी रडले आणि त्यांनी समजूत घातली नाही, देवाची इच्छा म्हटले नाही, नुसता हात धरून बसले. डुकरे येऊन बांधालगतची तूर खाऊन गेली ते आम्हाला सकाळी कळले.

त्या रात्री जे झाले ते जपामुळे झाले की मचाणावर तीन हात जागेत दोघे अडकल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. पण एक खात्री आहे की, ती गोष्ट त्यांच्या मनात आधीच कधीतरी आली असणार आणि जपाने ते एका जागी टिकले म्हणून ती विचारता आली. नाहीतर असला विषय आला की ते उठून बैलांना चारा टाकायला जात असत.

नवीन_सभासद_वणी

थोडक्यात एक इशारा. मोबाइलवर 'दिव्य मिलन', 'तांत्रिक एकात्मता' अशा नावांची शिबिरे आणि व्हिडिओ दाखवून जोडप्यांकडून हजारो रुपये घेतले जातात. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने संत्र्याच्या बागेचे पैसे आले त्या वर्षी असे एक शिबिर केले. डोळ्यांत डोळे घालून बसणे, श्वासाशी श्वास जुळवणे वगैरे. परत आल्यावर त्यांचे भांडण कोणाचे डोळे आधी हलले यावरून झाले. येथे कोणी तशी शिफारस करण्याआधी लिहून ठेवतो.

वर्धाकाठ

मी कीर्तनकार आहे, त्यामुळे माझे बोलणे थोडे लांबते, त्याबद्दल आधीच क्षमा.

प्रश्नकर्त्यांनी साधना आणि संसार या दोन खोल्या मानल्या आहेत व एकीतून दुसरीत उजेड कसा न्यावा असे ते विचारतात. आपल्या मराठीत या विषयाचे सर्वांत सुंदर विवेचन ज्ञानेश्वर महाराजांच्या अनुभवामृताच्या (अमृतानुभवाच्या) पहिल्या प्रकरणात आहे आणि ते चक्क एका जोडप्याचे वर्णन आहे. शिव आणि शक्ती, जगाचे मायबाप. दोन ओठांतून एकच शब्द निघावा, दोन डोळ्यांची दृष्टी एकच असावी, तसे ते दोघे. परंतु महाराज तेथेच थांबत नाहीत. ते म्हणतात की, प्रेमाच्या वेगात हे दोघे एकमेकांना गिळून टाकतात आणि पुन्हा दोनपणाच्या आवडीने वेगळे होतात. म्हणजे एकरूप होणे हा शेवट नाही. प्रेमासाठी दुसरा असावाच लागतो. जो साधक म्हणतो की मला आता कोणाची गरज उरली नाही, त्याने हे प्रकरण पुन्हा वाचावे.

त्याच प्रकरणात एक संसारी चित्र येते. घरात दोघेच आहेत. मालक शेजेवर जातो, तेव्हा मालकीण जागी राहून दांपत्याचे दांपत्यपण सांभाळते. वर सीतादही ताईंनी पाण्याचा आणि डब्याचा प्रश्न केला तेव्हा मला हीच ओवी आठवली. आपण डोळे मिटता तेव्हा घर जागे ठेवणारे कोणी असते, ही तक्रार सातशे वर्षांपूर्वीच्या तत्त्वज्ञानात स्तुती म्हणून आलेली आहे.

आपल्याच जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज हे दुसरे उदाहरण. १८८१ ते १९१५ एवढे अल्प आयुष्य, तान्हेपणी दृष्टी गेलेली, तरी प्रज्ञाचक्षू म्हणून ओळखले गेले. ते विवाहित होते आणि स्वतःला ज्ञानेश्वरकन्या व श्रीकृष्णाची पत्नी मानत. कुंकू लावीत, मंगळसूत्र धारण करीत. मधुराभक्तीत, म्हणजे देवाला पती मानून केलेल्या भक्तीत, पुरुषाला स्वतःचे पुरुषपण उतरवून ठेवावे लागते, वाट पाहणे म्हणजे काय हे स्त्रीच्या जागी बसून शिकावे लागते. आपल्यासारख्यांनी त्यांचे अनुकरण करावे असे मी सुचवत नाही. परंतु पहाटेच्या तासातील एखादा क्षण आपण वाट पाहणाऱ्याच्या जागी बसलो, तर घरातील पुष्कळ गोष्टी न सांगता दिसू लागतील असे वाटते.

आणि रुक्मिणी तर विदर्भाचीच लेक, कौंडण्यपूरची. पंढरपुरात तिचे देऊळ वेगळे आहे, कारण ती रुसून आली होती आणि देव तिला शोधत तेथवर आला, अशी कथा आपण सांगतो. शोधत देव आला, हे लक्षात घ्यावे.

सीतादही

वर्धाकाठ महाराज, आपले म्हणणे गोड आहे, पण एक विचारते. गुलाबराव महाराज श्रीकृष्णाची पत्नी झाले, हे कीर्तनात नेहमी ऐकते. त्यांच्या स्वतःच्या पत्नीला, मनकर्णिकाबाईंना, तेव्हा काय वाटले असेल यावर कीर्तन झालेले मी ऐकलेले नाही. आणि मालकीण जागी राहते ही स्तुती आहे हे मान्य. स्तुती झाली म्हणजे तिची झोप होत नाही.

वर्धाकाठ

ताई, याला माझ्यापाशी उत्तर नाही. पुढच्या कीर्तनात हा प्रश्न मी श्रोत्यांसमोर ठेवीन.

जुना साधक

प्रश्नकर्त्यांसाठी एक पुरवणी. पत्नीलाही शिबिराला पाठवावे, मग दोघांचे सूर जुळतील, असा विचार आपल्या मनात येईल. माझ्या आला होता. त्यांना स्वतःहून जावेसे वाटले तर दहा दिवस घर आणि गोठा आपण सांभाळा आणि अवश्य पाठवा. परंतु त्यांना आपल्यासारखे करून घेण्यासाठी पाठवू नका. माझ्या पत्नीने आजवर एकही शिबिर केलेले नाही. तिची साधना तुळशीपाशी दोन मिनिटांत होते आणि माझे मन कोठे भटकते आहे हे माझ्याआधी तिला कळते.

धुऱ्यावरचा

जवळजवळ दीड महिन्याने लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. कापसाचा हंगाम होता.

'उपेक्षा' या शब्दाने मला दोन दिवस काही सुचू दिले नाही. मग सीतादही ताईंच्या प्रश्नापासून सुरुवात केली, कारण तो सर्वांत सोपा वाटला. तो सोपा नव्हता. पहाटे पाच ते सहा नळ असतो, म्हणून मी आता चारला उठून बसतो आणि पाचला पाणी भरतो. पहिल्या दिवशी पत्नीने माझ्या हातातून पाण्याचा गुंड काढून घेतला आणि बरे वाटत नाही का असे विचारले. शेजारच्या काकूंनी तर गल्लीत जाहीरच केले की, या घरात काहीतरी बिनसले आहे.

मंगल मैत्रीची पाच मिनिटे तिच्यासाठी ठेवली आणि जुना साधक म्हणतात तसेच झाले, तिच्याविषयी मनात आणायला मला काही सापडेना. चेहरा आठवे तो लग्नातला. तेव्हा ठरवले की आधी पाहावे. एका रात्री ती दिव्याखाली बसून बोटांना जवसाचे तेल लावत होती. वाळलेल्या बोंडाची टोके नखांच्या कडेला टोचून बारीक चिरा पडतात, हे मी लहानपणापासून आईच्या हातांवर पाहत आलो आहे, परंतु हिच्या उजव्या अंगठ्याचे नख मधोमध दुभंगलेले आहे आणि त्यात सरकीचा तंतू अडकला की तिला हात झटकावा लागतो, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. दोन वर्षे मी रोज दोन तास स्वतःच्या शरीरातील बारीकसारीक संवेदना डोक्यापासून पायापर्यंत पाहत होतो. मी तेलाची वाटी मागितली. तिने दिली नाही, म्हणाली, "राहू द्या, तुमची बसाची वेळ झाली." त्या वाक्यात टोमणा होता आणि मला राग आला. तो मी पाहिला, मावळू दिला आणि या वेळी उठून गेलो नाही. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला, मात्र तोंड दुसरीकडे.

अंथरुणाविषयी मी तिची क्षमा मागितली. त्यावर ती काय म्हणाली ते येथे लिहिणार नाही, परंतु ती पुष्कळ वेळ बोलली आणि त्यातील पाव भागही मला आधी ठाऊक नव्हता. ती अजून पूर्ण मोकळी झालेली नाही. मधले चार दिवस पुन्हा अबोल्याचे गेले, दोष माझा होता.

ध्यानाला ती बसत नाही. "मले डोये मिटून बसाचं भेव लागते," म्हणते. परंतु संध्याकाळी मी बसलो की अलीकडे ती दोन हात अंतरावर तूर निवडत बसते. परवा मी डोळे उघडल्यावर तिने सुपातून मान वर न करता विचारले, "मंदात काय दिसते तुमाले?" काहीतरी खोल सांगावे असे क्षणभर वाटले. मग खरे तेच सांगितले की, आज सगळा वेळ गुडघाच दुखत होता. ती इतकी हसली की मुलगी पुस्तक हातात घेऊनच बाहेर आली.

आज हरभऱ्याला रात्रीची लाईन आहे. तिने दुपारीच बॅटरी चार्जिंगला लावून ठेवली आहे, आणि माझ्या मफलरजवळ स्वतःचे स्वेटर काढून ठेवले आहे.